'बंद' म्हणायचं नाही

"डोळे मिटा. मनात कुणीही शंका आणू नका. शंकेनं यंत्राला ताण येतो."

हातगुण्यांनी एवढं म्हणायचा अवकाश, इस्पितळातल्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत सतरा माणसांनी डोळे मिटले. त्यांत सूक्ष्मदर्शकावर उभा जन्म घालवलेले मोठे डॉक्टर होते, खिडकीवरचा कारकून होता, हातातल्या झाडूसकट उभ्या राहिलेल्या मावशी होत्या आणि रिपोर्टसाठी सकाळपासून ताटकळलेले रुग्णांचे नातेवाईकही होते. कोपऱ्यातल्या काळ्या पेटीवर, म्हणजे सगळ्या रिपोर्टांचा भार वाहणाऱ्या मुख्य संगणकावर, हातगुण्यांनी उजवा तळवा टेकवला. तीन मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. मग पेटी गुरगुरली, पडदा उजळला आणि वरच्या कोपऱ्यात आकडा झळकला: मोकळी मेमरी, एक्क्याण्णव टक्के.

"आलं गं बाई!" मावशी ओरडल्या. एका नातेवाइकानं चक्क टाळ्या वाजवल्या.

हातगुणे हे त्यांचं आडनाव नव्हे. संगणक दुरुस्तीचा ठेका त्यांच्याकडे आला आणि त्यांच्या हातगुणाचा असा बोलबाला झाला, की खरं आडनाव फक्त कागदावर उरलं.

डोळे न मिटलेली एकच व्यक्ती तिथे होती. गेली बारा वर्षं काचेवरच्या रक्तपेशी ओळखण्याचं काम करणारी, सगळे जिला ताई म्हणत ती. तिनं स्वच्छ पाहिलं, की उजवा तळवा वर टेकलेला असताना हातगुण्यांचा डावा अंगठा पेटीमागचं बटण दाबून होता. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, एवढंच. पण ती बोलणार कुणाला? तिचा हात जड, म्हणजे यंत्राला न मानवणारा, असल्याचं हातगुण्यांनी सोमवारीच जाहीर केलं होतं.

त्याचं असं झालं. पूर्वी ते मशीन पंधरवड्यातून एखादेवेळी अडायचं. महिन्यापूर्वी हातगुण्यांनी निदान केलं. "जुनी माणसं दुकान बंद करत नसत, वाढवत. दिवा विझवत नसत, मालवत. आणि तुम्ही दिवसातून शंभरदा यंत्राच्या तोंडावर 'बंद' म्हणता! मग ते बंद पडणार नाही तर काय नाचणार?"

बोलणं असं गुळगुळीत, की ऐकणाऱ्याला आपली अक्कल गहाण पडल्याचा पत्ताच लागू नये. रिपोर्ट पाहून झाला की पडद्याच्या तळाशी दोन बटणं दिसत, 'मागे' आणि 'बंद'. त्या दिवसापासून सगळे 'मागे' दाबायला लागले. कारकुनानं तर 'बंद'वर काळी चिकटपट्टीच लावली. आणि मशीन? ते रोज अडायला लागलं! शहाण्या माणसानं यावरून काय ते ओळखलं असतं. इथे सगळ्यांनी एवढंच ओळखलं, की हातगुणे आता रोज यायला हवेत.

एकटी ताई 'बंद' दाबत राहिली, कारण प्रोग्रॅमबरोबर आलेल्या पुस्तिकेत तसंच लिहिलं होतं. ते कारकुनानं पाहिलं, हातगुण्यांच्या कानावर घातलं, आणि चोर सापडला. सोमवारी तिचा संगणक काढून घेतला. पुढच्या सोमवारपासून तिनं भांडारात बसून कापूस आणि बाटल्या मोजायच्या, असा कागद निघाला.

"माझा यावर विश्वास आहे असं नाही, ताई," मोठे डॉक्टर म्हणाले. "पण लोकांचं समाधान होतं."

"लोकांच्या समाधानासाठी माझं काम काढून घ्यायचं? तुम्ही त्यांचा अंगठा तरी पाहिलात का?"

"प्रत्येक गोष्ट तर्कानं चालते असं थोडंच आहे?"

"डॉक्टर, ते मशीन आहे. ते तर्कानं नाही तर कशानं चालतं?"

डॉक्टर फोन आल्यासारखं करून बाहेर गेले. ताईला इतका संताप आला, की हातातली काच आदळावीशी वाटली. पण काचेवर कुणाचं तरी रक्त होतं. तिनं ती जपून ठेवली.

घरी नणंदेनं सगळं ऐकून घेतलं. "वहिनी, एवढा हट्ट कशाला? दाबून टाका ना 'मागे'. काय बिघडतं?"

ताई चिडून काहीतरी बोलणार होती, ती थांबली. काय बिघडतं? महिनाभर 'मागे' की 'बंद' हेच चाललं होतं, पण नेमकं काय बिघडतं हे एकानंही पाहिलं नव्हतं. तिनंसुद्धा नाही. आणि आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. सोमवारी तिचा संगणक काढून घेतल्यापासून मशीन दिवसातून दोनदा अडत होतं. जड हात गेल्यावर दुखणं कमी व्हायला हवं होतं, ते वाढलं होतं.

शुक्रवारी सकाळी ती कारकुनाशेजारी स्टूल घेऊन बसली. "मी कशाला हात लावत नाही. तू तुझं काम कर." तो काम करत राहिला आणि ती त्या मोकळ्या मेमरीच्या आकड्यावर डोळा ठेवून वहीत लिहीत राहिली. अर्ध्या तासात तिचं उत्तर तिला मिळालं.

अकरा वाजता हातगुणे रोजच्यासारखे आले; मशीन अजून अडलं नव्हतं. बाहेर पुन्हा गर्दी जमली होतीच. ताईनं मोठ्या डॉक्टरांना हाताला धरून आणलं म्हटलं तरी चालेल. "दहा मिनिटं द्या. नंतर मी स्वतःच्या पायांनी भांडारात जाते."

पडद्यावर बासष्ट टक्के दिसत होते. तिनं कारकुनाला वीस रिपोर्ट उघडायला लावले, प्रत्येक वेळी 'मागे' दाबून. आकडा घसरत घसरत चोपन्नावर आला.

"आता पट्टी काढ. तेच वीस, पण 'बंद' दाबून."

कारकुनानं हातगुण्यांकडे पाहिलं, मग नखानं पट्टी सोलली. रिपोर्ट उघडला की आकडा किंचित खाली जाई, 'बंद' दाबलं की पुन्हा जागेवर येई. वीस झाले, तरी चोपन्न ते चोपन्नच.

"योगायोग!" हातगुणे म्हणाले. "बाईंची सावली पडली आहे यंत्रावर."

"बटण त्यानं दाबलंय, मी लांब आहे. मावशी, तुम्ही दाबा."

मावशींनी पदराला हात पुसून एकेक बटण दाबलं. 'मागे', आकडा खाली. 'बंद', आकडा जागेवर. "अगंबाई, हे तर माझंही ऐकतंय!" त्या म्हणाल्या.

"कुणाचंही ऐकेल," ताई म्हणाली. "मेमरी म्हणजे आपले नमुन्यांचे ट्रे समजा, आणि संगणकाची मूळ प्रणाली म्हणजे ते ट्रे वाटणारा भांडारपाल. रिपोर्ट उघडला की प्रोग्रॅम त्याच्याकडून एक ट्रे मागून घेतो. 'बंद' म्हटलं की ट्रे परत जातो. 'मागे' म्हटलं की पडदा बदलतो, पण ट्रे अडकून राहतो. खरं तर तेव्हाही तो परत जायला हवा. जात नाही, ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची चूक आहे. मी त्यांना कळवलंय. अडकलेले ट्रे साठत गेले, की वाटायला काही उरत नाही आणि मशीन अडतं. सोमवारपासून माझ्या वाटचे रिपोर्टही 'मागे' दाबूनच पाहिले गेले, म्हणून ते दिवसातून दोनदा अडलं. मग पेटीच्या पाठीवरचं बटण दाबून मशीन बंद-चालू केलं की सगळे ट्रे एकदम परत. तळवा कुठे ठेवला याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही."

हातगुण्यांनी पिशवी उचलली. "ज्याचा जसा भाव," असं पुटपुटत ते निघाले, आणि काय सांगावं, दारातल्या एका गृहस्थानं त्यांच्याकडे त्यांचा नंबर मागितला!

"छान झालं," मोठे डॉक्टर म्हणाले. "सोमवारचं रद्द. संपला विषय."

"कसा संपला?" ताईचा आवाज चढला. "महिनाभर रोज इथे माणसं ताटकळली. आत कुणाचं ऑपरेशन रिपोर्टसाठी थांबलं होतं, कुणाचं औषध. तुम्ही रोज शंभर काचा तपासता, डॉक्टर. पेशी दिसल्याशिवाय निदान लिहीत नाही. माझं मात्र न तपासताच लिहिलंत. मला भांडारात पाठवायच्या त्या कागदावर 'कारण चुकीचं होतं' एवढं लिहून द्या."

डॉक्टरांनी बराच वेळ पेन हातात फिरवलं. शेवटी लिहून दिलं, पण मान वर न करता.

मशीन त्यानंतर अडलेलं नाही. पण हातगुणे आता दुसऱ्या एका कचेरीत डोळे मिटायला लावतात असं ऐकतो, आणि तिथेही कुणाचा तरी हात जड ठरला असणारच. तो कचेरीतला माणूस तुमच्या शेजारच्या टेबलावरचा असेल, तर एक करा. त्याच्याजवळ स्टूल घेऊन बसा आणि म्हणा, तू नेमकं काय करतोस ते मला दाखव. अर्धा तास लागतो. ताईला तो अर्धा तास कुणीच दिला नव्हता, तिचा तिलाच काढावा लागला.