लाल दोऱ्यापर्यंत

मी एक जुना सरावाचा झेंडा आहे. मित्रांनो, झेंडा म्हटलं म्हणून लगेच उठून उभे राहू नका. माझ्यासाठी उभं राहायची पद्धत नाही. माझ्यावर ना पट्टे, ना चिन्ह. दुधात पाणी जरा जास्त झालं की जो रंग होतो, तो माझा रंग.

खरं तर मी खिडकीचा पडदा होणार होतो. पण खिडकी निघाली लहान आणि मी उरलो. शिंपीदादांनी मला हात पुसायला काढून ठेवलं होतं, तेवढ्यात जवळच्या शाळेतल्या लहान वर्गाच्या बाई दुकानात आल्या.

"हा तुकडा द्या मला. कडा शिवून द्या आणि एका बाजूला दोरी ओवायला जागा ठेवा."

"पिशवी करायची का बाई?"

"झेंडा करायचाय."

शिंपीदादांनी मला उजेडात धरलं. उलटं करून पाहिलं. "अहो, पण ह्याच्यावर काहीच नाही."

"म्हणूनच घेतेय," बाई म्हणाल्या.

बाईंवर ही वेळ का आली, तेही सांगतो. खरा झेंडा मोठ्या सरांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात असे. तो वर्षातून दोनदा बाहेर येई आणि लहान मुलांनी त्याला लांबूनच पाहायचं असे. बाकी राष्ट्रीय प्रतीकं भिंतीवरच्या तक्त्यावरून शिकवली जात. हा आपला पक्षी, हे आपलं फूल, हा आपला झेंडा. मुलं घसा ताणून म्हणत. मग एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, "बाळांनो, राष्ट्रीय प्रतीक म्हणजे काय?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "तक्ता क्रमांक चार." साहेबांनी उत्तर बरोबर धरलं. बाईंना मात्र त्या दिवशी डबा गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्या शिंप्याकडे आल्या.

माझं शिक्षण आणि मुलांचं शिक्षण एकदमच सुरू झालं. आधी हात धुवायचे. मग चार जणांनी चार टोकं धरायची. घडी घालताना जमिनीला लागू द्यायचं नाही. मग गाठ. ती फार अवघड. घट्ट बसली तर झेंडा वर जाऊन उघडत नाही, सैल राहिली तर निम्म्या वाटेतच सुटतो. बाई एकेका मुलाची बोटं धरून ती शिकवत. त्यावरून त्यांचं नाव 'गाठवाल्या बाई' असं पडलं. त्यांच्या पाठीमागे, अर्थात.

पहिल्याच वर्षी, पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी म्हणाली, "बाई, हे नुसतं कापड आहे."

"खरा झेंडा पण कापडच आहे."

"मग त्याला नमस्कार का?"

"त्याच्याकडे बघून आपण सगळे एकमेकांचे आहोत हे आठवायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. ठरवलं आणि पाळलं, म्हणून तो झेंडा."

"आणि ह्याच्याकडे बघून काय आठवायचं?"

"ह्याच्याकडे बघून शिकायचं. आठवायचं नंतर."

मला ते थोडं लागलं. पण कापडाने तोंड वाकडं केलं तर लोक त्याला सुरकुती म्हणतात.

बाईंनी खांबाच्या बरोबर निम्म्यावर एक लाल दोरा बांधला होता. सरावाचा झेंडा इथवरच, वरची जागा खऱ्याची. बावीस वर्षं मी त्या लाल दोऱ्यापर्यंत गेलो आणि खाली आलो. खऱ्या झेंड्याच्या दिवशी मी टेबलाच्या खणात असे. टाळ्या तेवढ्या ऐकू येत. त्याला बघून रस्त्यावरचा माणूससुद्धा चालता चालता थांबतो, असं मुलं सांगत. माझ्यासमोरून बावीस वर्षं रस्ता वाहिला, कोणी थांबलं नाही. आपल्याला बघून एकदा तरी कोणी थांबावं, एवढीच माझी इच्छा होती.

ती पुरी झाली, पण भलत्याच दिवशी. मुलांनी मला लाल दोऱ्यापर्यंत चढवलं आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं पळाली. एकाच्या नाकातून रक्त आलं म्हणून बाई त्याच्यामागे धावल्या. मी राहिलो तिथेच, खांबाच्या निम्म्यावर.

आता, झेंडा अर्ध्यावर दिसला की कोणी मोठं माणूस गेलं असं समजतात. एवढं शिकवलेलं सगळ्यांच्याच लक्षात होतं. ऊन डोळ्यावर होतं, रंग कोण बघतो? समोरचे दुकानदारकाका पुडी बांधता बांधता थांबले.

"कोण गेलं हो?" त्यांनी शेजारच्या न्हाव्याला विचारलं.

"मोठंच असणार कोणीतरी," न्हावी म्हणाला. त्याच्या गिऱ्हाइकाची निम्मी दाढी झाली होती. आदराने त्यानेही हात निम्म्यावर थांबवला.

दुकानं पटापट बंद झाली. बँकेला तर निमित्तच हवं होतं. दुपारपर्यंत गेलेल्या माणसाची तीन नावं पुढे आली. त्यांतले एक गृहस्थ स्वतः साखर घ्यायला आले, तर दुकान बंद. संध्याकाळच्या शोकसभेच्या खुर्च्या सांगून झाल्या होत्या, अध्यक्ष नेमले होते, त्यांचं भाषणही तयार होतं. नावापुरती जागा तेवढी कोरी सोडली होती.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी बाईंना बोलावलं. "बाई, शिकवायला तक्ता आहे ना आपल्याकडे?"

"तक्त्याला गाठ मारता येत नाही, सर."

"परीक्षेत गाठ विचारत नाहीत."

त्या दिवसापासून मी कार्यालयातल्या छपाईच्या यंत्रावर धूळ बसू नये म्हणून पडून राहिलो. एका कोपऱ्याला शाई लागली. यंत्र चालवणारे मला ओढून खुर्चीवर टाकत. खुर्चीवरून मी जमिनीवर पडे. बाई मात्र प्रश्नपत्रिका काढायला आल्या की आधी हात धूत. मग मला उचलून, एकट्याच, दोन टोकं हनुवटीखाली दाबून, घडी घालत. सहा वर्षं. निवृत्तीच्या दिवशीही त्यांनी घडी घातली, माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि त्या गेल्या. पुढची चार वर्षं मला घडी अशी पडलीच नाही.

एका सकाळी कार्यालयात फोन आला. नव्या मोठ्या सरांनी घेतला. "कोण बाई?... हां, हां. कधी?" फोन ठेवून त्यांनी सुट्ट्यांच्या नियमांचं पुस्तक काढून चाळलं. बाई एका खोलीत एकट्याच राहत होत्या. त्या गेल्याचं शेजारणीने कळवलं होतं.

"सेवेत असत्या तर अर्धा दिवस सुट्टी देता आली असती," सर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "निवृत्त झाल्यावर तशी तरतूद नाही."

"आणि झेंडा?" पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या मावशींनी विचारलं. मावशी म्हणजे शाळेची झाडलोट बघणाऱ्या बाई.

"मावशी, तो असा कोणासाठीही खाली आणता येत नाही."

"खऱ्याचं नाही म्हणत मी."

मावशींनी तांब्या ठेवला, हात धुतले आणि मला यंत्रावरून उचललं. अंगणात आल्यावर दोरी ओवली आणि गाठ मारली. ना घट्ट, ना सैल. तेव्हा मी त्यांच्या बोटांना ओळखलं. पुढचे दोन दात कधीच आले होते.

लाल दोरा उन्हाने पांढरट झाला होता. मावशींनी मला बरोबर तिथे थांबवलं आणि दोरी बांधून टाकली.

थोड्या वेळाने दुकानदारकाका रस्ता ओलांडून फाटकाशी आले. आता ते वाकले होते. "काय मावशी, पुन्हा विसरलात का वरच? मागे निम्मा बाजार बंद करवलात."

"नाही काका. आज विसरले नाही."

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "कोण?"

"गाठवाल्या बाई."

काका फाटकाचा गज धरून माझ्याकडे बघत उभे राहिले. पाच मिनिटं असतील. मग परत गेले आणि त्यांनी दुकान अर्धं ओढून घेतलं. बाकीचा रस्ता चालूच होता.

तर असा एक माणूस थांबला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं, आणि वाटलं, नसतं मिळालं तरी चाललं असतं.

शाळा सुटल्यावर मावशींनी मला उतरवलं. घडीला दोन हात पुरेनात. लहान वर्गातली एक मुलगी रिकामी उभी होती.

"हात धुऊन ये," मावशी म्हणाल्या. "आणि ही दोन टोकं धर. खाली लागू द्यायचं नाही."

"का? हे तर नुसतं कापड आहे."

मावशींनी दोन टोकं तिच्यापुढे केली. "आधी धर," त्या म्हणाल्या. "मग सांगते."

मित्रांनो, तक्ता क्रमांक चार जरूर पाठ करा, त्याला मार्क आहेत. पण कोणी कधी कापडाची दोन टोकं तुमच्या हातात दिली, तर ती मध्येच सोडून घंटेमागे पळू नका. उरलेली दोन हनुवटीखाली धरून घडी घालता येते, मी पाहिलंय. पण ती फार एकटी घडी असते.