काळ्या डागापर्यंत बारा मीटर

पहिला मीटर

मी एक जुना दोर आहे. नाही, थांबा. मी एका जुन्या दोराचा बारा मीटरचा तुकडा आहे.

मित्रांनो, माझी गोष्ट हातांनी ऐका. हे टोक डाव्या चिमटीत धरा आणि मला उजव्या मुठीतून हळूहळू ओढत चला. घाई नको. क्षमाताई असंच करायची, दर वेळी, इंच न् इंच.

दुसरा, तिसरा

इथे मी मऊ आहे. आत नायलॉनच्या पिळलेल्या धाग्यांचा गाभा आणि वर विणलेलं निळं कवच. नवा होतो तेव्हा मी पन्नास मीटर होतो. २००५ साली ताईने मला दक्षिणेतल्या तांबरमच्या घरी आणलं.

ताई डोंगरात माणसं नेण्याचं काम करायची. उन्हाळ्यात हिमालयात, मोठ्या गाइडच्या हाताखाली. एरवी चेंगलपट्टूपलीकडच्या कातळांवर ती लोकांना चढायला शिकवायची. तिचे बाबा, उमाकांत, रेल्वेच्या कारशेडमधून निवृत्त झालेले. शेजारच्या कनकामामी विचारायच्या, "तुमची क्षमा करते काय हो?"

"ट्रॅव्हल्समध्ये आहे," बाबा म्हणायचे.

मी खुंटीवर होतो. ताई स्वयंपाकघरात होती. आम्ही दोघांनी ते ऐकलं.

पाचवा

इथलं कवच थोडं केसाळ झालंय. बोटाला जाणवेल. कातळाच्या कडेवर घासलो ती जागा. त्या दिवशी एक शिक्षिका घसरली आणि मी तिला झेललं. खाली उतरल्यावर तिने मला हातात घेतलं आणि रडली. माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

सातवा

२००६ चा दसरा जवळ आला. श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यातली वीस माणसं दसऱ्याच्या सुट्टीत कातळावर येणार होती. दिवस चांगला गेला तर मे महिन्यात तीच माणसं हिमालयात जाणार होती, आणि त्यांची मुख्य गाइड ताई असणार होती. पहिल्यांदाच. तिचा दुसरा दोर मनालीत राहिलेला. इथे मी एकटाच होतो.

दहावा

आदल्या दिवशी खंडेनवमी. इकडे तिला आयुधपूजा म्हणतात. बाबांनी कारशेडमध्ये तीस वर्षं पाने, हातोड्या, जॅक पुजले होते. त्या सकाळी त्यांनी पाटावर आपली जुनी हातोडी मांडली. मग खुंटीकडे आले आणि मला उतरवून हातोडीशेजारी ठेवलं.

ताई दारात थबकली. "बाबा, दोर?"

"तुझं आयुध आहे ना ते? मग?"

तिने पटकन पदर... नाही, ती पँट-शर्टात होती, ओढणीही नव्हती. तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि फुलं आणायला गेली.

बाबांनी कापराची आरती हातोडीवरून ओवाळली, तशीच माझ्यावरूनही. अगदी जवळून. लोखंडाला कापराच्या ज्योतीचं काही वाटत नाही. मी लोखंड नव्हतो.

अकरावा

दुसऱ्या दिवशी कातळापाशी ताईने मला मुठीतून ओढायला घेतलं. बाबाही आले होते, लेकीचं काम बघायला, आयुष्यात प्रथमच. डब्यात पुरणपोळ्या होत्या. कारखान्याचे गुरुमूर्ती घड्याळ बघत उभे होते.

ताईचा हात थांबला. गंधाचा मोठा टिळा, वर कुंकू. तिने नखाने तो खरवडला. खाली वितळलेल्या नायलॉनचा काळा, काचेसारखा कडक डाग.

"बाबा, आरती दोराच्या फार जवळ गेली होती का?"

बाबा खाली बघू लागले. "जराशी. डाग पडला. म्हटलं, सणासुदीला काळं कशाला दिसू द्यायचं... म्हणून गंध लावलं."

"मॅडम, एवढ्याशा डागाने काय होतंय?" गुरुमूर्ती हसले. "आम्ही असल्या ओरखड्यावर मशीन थांबवलं तर वर्षभर एक गाडी बाहेर पडायची नाही!"

"तुमची गाडी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते, सर. इथे कडेला लावायला जागा नाही."

"पण हे केलं कुणी?" गुरुमूर्तींनी विचारलं. बापलेकीचं मराठी त्यांना कळलं नव्हतं.

बाबांनी डबा खाली ठेवला.

"माझं चुकलं," ताई म्हणाली. "दोर सांभाळणं माझं काम."

तिने चाकू काढला.

बारावा

इथे

कापून उरलेले अडतीस मीटर माथ्यापर्यंत पुरणारे नव्हते, कारण दोर वर अडकवून दुहेरी खाली सोडावा लागतो. वीस जण कातळाच्या मधल्या टप्प्यापर्यंतच चढले आणि उतरले. पोळ्या खाल्ल्या. हिमालयाची सहल दुसऱ्या कुणाला मिळाली.

परतीच्या लोकलमध्ये मी बाबांच्या मांडीवर होतो. गुडुवांचेरी स्टेशन गेल्यावर ते बोलले.

"मी काय करायचो ठाऊक आहे? चाकावर हातोडी मारून आवाज ऐकायचो. आवाज बसका आला की डबा बाजूला. साहेब ओरडायचे, गाडीला उशीर होतोय. मी एकही सोडला नाही."

"माहीत आहे, बाबा."

"आणि तुझ्या दोरावर गंध थापलं."

ताईने त्यांच्या हातावर हात ठेवला. तो हात माझ्यावर होता.

पुन्हा पहिला मीटर

त्या दिवसानंतर ताईचा प्रत्येक दोर आधी बाबांच्या मुठीतून जाऊ लागला. सराव त्यांनी माझ्यावरच केला. डोळ्यांना कमी दिसू लागल्यावर बोटं आणखी शहाणी झाली. दोन वर्षांनी, मे महिन्यात, ताई मुख्य गाइड म्हणून हिमालयात गेली. निघण्याच्या सकाळी बाबांनी तिचा नवा दोर सगळा तपासला, मगच त्याला कुंकवाचं एक बोट लावलं. कनकामामींनी विचारलं, "क्षमा कुठे निघाली?"

"माणसं घेऊन डोंगरावर," बाबा म्हणाले. "तिच्या भरवशावर."

मित्रांनो, मी आता खुंटीवर असतो. मुलं माझ्यावर गाठी शिकतात. तुमच्या घरीही कुणाचा तरी जीव सांभाळणारी एखादी वस्तू असेल. तिला हार जरूर घाला. पण आधी तिच्यावरून हात फिरवा, आणि हाताला काही खुपलं तर ते झाकू नका. सांगा.

आता तुमचा हात माझ्या दुसऱ्या टोकाशी आला असेल. कडक लागतंय ना? तिथेच थांबा.