उदयसिंगांच्या घरचा हिरवा चुडा

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हंतात, पण गोष्ट सांगाची तं घ्यावंच लागते. आमचे मुनाफमिया वाशीम सोडाले तयार नव्हते. हट्ट माहा. मी सरवरी मनियारीण, बाजारात आमची बांगड्याईची बैठक. कापसाच्या जिनाचा भोंगा, टांगेवाल्याईच्या शिव्या, त्यात त्या साली मोटारलारी सुरू झाली. डोकं उठलं होतं माह्यं. पोहरादेवीच्या जत्रेत उदयसिंग नावाचे जमीनदार भेटले. म्हणाले, "आमच्या गावात मनियार नाई. घर देतो, वावर देतो, येऊन राहा." मी बैठक दुसऱ्याले देऊन टाकली आन गाडी जुंपाले लावली.

वाट लय लांब. मंगरूळवरून मानोरा, अन मानोऱ्याच्या पुढं नुसतं रान. हाडं खिळखिळी झाली, पण मी खूश. मियाले म्हटलं, "पाहा, कशी शांतता हाये."

"जित्या माणसाले इतकी शांतता कायले पाह्यजे?"

"तुमी गप राह्यले तं अजून बरं वाटंल," मी म्हटलं.

भर दुपारी गावात पोचलो. बैलं सोडले नाई, तं उदयसिंगांची बहीण गोमतीबाई धावत आली. म्हणे, आधी वहिनीले चुडा भरा, मंग पाणी प्या. मले रागच आला. पण पहिलंच गिऱ्हाईक, सोडता कसं? त्या घरच्या बाया पडद्यातल्या. मी ओसरीवर बसली, गोमतीबाई आत गेली, अन दारातल्या जाड पडद्याखालून डावा हात भाईर आला.

थंडगार, अन लाकडावानी ताठ. बांगडी चढवताना बाई कण्हते, मागं सरते, दोन शब्द बोलते. ही काही बोलेना. मी साबण लावला, अंगठ्याचं मूळ दाबलं, "हात ढिला सोडा, वैनीसाहेब" म्हटलं. कायचं काय. उदयसिंग बाजूले उभे, एकेका बांगडीले त्याईचा जीव वरखाली. पण एकबी बांगडी फुटू दिली नाई मी. मनात म्हटलं, काय मिजास हाये बाईची.

मंग उजवा हात आला. तो कोमट होता. दाबला तसा ढिला झाला, अन त्या बोटाईनं माहा अंगठा हळूच धरला, दुखलं की बाया धरतात तसा. शेवटची बांगडी चढली. रीतीपरमानं मी म्हटलं, "सुहाग कायम राहो."

आत कोणीतरी हुंदका दिला. पडदा सरकला. वहिनी भिंतीले टेकून बसवलेली होती. डोळे मिटलेले, नाकात कापूस.

"पहाटेच गेली," गोमतीबाई म्हणाली. "तापात तुमचाच धोसरा होता. मनियारीण येईन, हात भरीन म्हणे. अहेव बाईले हिरव्या चुड्याबिगर कसं न्यावं? आन आमच्या हातून एखादी बांगडी फुटली असती, तं दादाच्या जिवाले अपशकुन. सांगतलं असतं तं तुमी हात लावला असता काय?"

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. "फसवलं तुमी मले. आन मंग तो उजवा हात?"

"डावा मी धरून पुढं केला. उजवा धराले मी उठतच होती," ती डोळे पुसत म्हणाली, "तं तुमीच ओढून घेतला ना?"

मी ओढला नव्हता. मले लय भेव वाटलं, अन तिची लय कीवबी आली. माह्या अंगठ्याले अजून तिची ऊब होती.

मियाले म्हटलं, "गाडी जुंपा."

"काहून? घर? वावर?"

"जुंपा म्हंते ना."

वाशीम येईपर्यंत मी त्याईले गप बसू दिलं नाई. डोळा लागला की हलवून उठवत होती, काहीबी बोला म्हणत होती. आमची बैठक गेली ती गेलीच. आता रस्त्याच्या कडेले, भर गर्दीत बसते. लोक म्हंतात, फुकटचं घर सोडून आली, येडी हाये. असंन. पण एखादी बाई मुकाट्यानं हात पुढं करून बसली, तं मी आधी तिच्याशी भांडण उकरून काढते. तिनं मले दोन शब्द उलटे ऐकवले, की मंगच तिची बोटं धरते.