छताच्या दिव्याचं मूळ कारण

माणसाने अंधाराशी दिलेला लढा हीच संस्कृतीची खरी कहाणी आहे. त्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता हा लढा एका पंधरा वर्षं जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर उताणा पडलेला होता. त्याचे पाय दारातून बाहेर आले होते आणि डाव्या पायमोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

"डॉक्टर, पातळ स्क्रू ड्रायव्हर," आतून तात्यांचा हात बाहेर आला.

सुनेने तो त्यांच्या तळहातावर ठेवला. ती खरोखरच डॉक्टर होती, भूल देणारी. हॉस्पिटलात तिला असं हत्यार मागायची कुणाची छाती झाली नसती, पण सासऱ्यांपुढे ती गेले वर्षभर बिनतक्रार नर्सचं काम करत होती.

छताच्या दिव्याचं झाकण टक् करून निघालं. त्यातून दोन मेलेले डास तात्यांच्या चष्म्यावर पडले. तात्यांनी ते फुंकून उडवले, पत्र्याच्या दोन जिभांमध्ये अडकलेला बल्ब अलगद सोडवला आणि डोळ्यांजवळ नेऊन आधी एका टोकाने, मग दुसऱ्या टोकाने निरखला. बल्ब बदामाएवढा, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या घातलेला.

"गेलाय," तात्या म्हणाले. नातेवाइकांना बाहेर येऊन सांगावं, त्या आवाजात.

"अरेरे," सून म्हणाली.

तात्या पस्तीस वर्षं पालिकेत पथदिव्यांचे फिटर होते. शहरातले निम्मे रस्ते त्यांनी शिडीवर उभं राहून उजळले होते आणि बागेतले दिवे वेळेवर दुरुस्त केल्याबद्दल प्रेमी युगुलांच्या दोन पिढ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. सासूबाई गेल्यापासून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहत. दोन बस बदलून इकडे यावं लागे. त्याला त्यांची ना नव्हती, पण येण्याला काम हवं. "नुसतं जेवायला या" म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "नुसतं जेवायला यायला मी काय पाहुणा आहे?" दोन वाढदिवस आणि एक नव्या सोफ्याची खरेदी या उत्तरावर निघून गेली होती.

मग चौदा महिन्यांपूर्वी गाडीच्या छतातला बल्ब गेला. तात्या कापडी पिशवी घेऊन आले, दहा मिनिटांत बल्ब बदलला आणि संध्याकाळी सहापर्यंत राहिले. दोनदा जेवले, सोफ्यावर घोरले, वर्तमानपत्राची पानं उलटसुलट करून ठेवली आणि पोराशी राजकारणावरून कडाक्याने भांडले. जाताना जिन्यात शीळ घालत होते. सुनेने ती शीळ ऐकली आणि फेकायला दिलेला जुना बल्ब चष्म्याच्या डबीत ठेवून दिला.

तेव्हापासून दर पाच-सहा आठवड्यांनी, शनिवारी ड्यूटी संपली की, हॉस्पिटलच्या तळघरात ती गाडीतला चांगला बल्ब काढायची आणि तो मेलेला लावायची. चांगले बल्ब घरी बटणांच्या डब्यात जमा होत. एव्हाना दहा झाले होते. यात तिला काही वावगं वाटत नसे. समोरच्याला कळू न देता काम उरकणं हा तिचा पेशाच होता.

"थांबा तात्या! नवा लावू नका."

नवरा जिना उतरून आला. हातात कागद होता. तो बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होता आणि जगातल्या कुठल्याही बिघाडाचं मूळ कारण शोधल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. घरात चहा सांडला तरी तो मूळ कारण शोधायचा. ते बहुधा तोच निघायचा.

"का बुवा?" तात्या पडल्यापडल्याच म्हणाले. "अंधारात बसायचं ठरलंय?"

"हा तक्ता बघा. चौदा महिन्यांत अकरा बल्ब. पहिला मंगळवारी गेला, तो अपवाद म्हणून सोडून दिला. बाकीचे दहाच्या दहा शनिवारी."

सुनेने झाकणाचा स्क्रू मोठ्या आस्थेने पुसायला घेतला.

"शनिवारी?" तात्या उठून बसले. डोकं छताला आपटलं.

"शनिवारीच. हा योगायोग नाही. शनिवारी गाडी कोण नेतं? ही. लावते कुठे? तळघरात. तळघरात काय असतं?"

"काय असतं?" सुनेने विचारलं. आवाज जरा चिरका आला.

"ओल! ती वायरिंगमध्ये शिरते. झालं. सापडलं मूळ कारण."

सत्याच्या इतक्या जवळ जाऊन, त्याला वळसा घालून पुढे निघून गेलेला माणूस तिने याआधी पाहिला नव्हता. तिला त्याची मायाही आली.

"मग आता?" तात्यांनी विचारलं.

"आता काय, विकायची. बारा वाजता एक जण बघायला येतोय. नव्या गाडीत सगळे दिवे एलईडी, दहा वर्षं हात लावायला नको. आणि तात्या, तुम्हालाही या वयात दर वेळी दोन-दोन बस बदलत यायला नको."

हे तो अगदी मनापासून म्हणाला होता. तात्यांनी दिव्याचं झाकण रुमालाने पुसलं. पुसून झाल्यावर पुन्हा पुसलं.

"हो. ते एक बरं होईल," ते म्हणाले, आणि पक्कड पिशवीत ठेवली.

"अरे, मला सवय आहे या गाडीची," सून म्हणाली.

"सवय हे कारण होत नाही."

"वायरिंग धडधाकट आहे हिचं," तात्या पिशवीत बघतच म्हणाले.

"कशावरून?"

"मी बघितलंय."

"तुम्ही बघितलंय हा पुरावा नाही ना, तात्या."

पुरावा हा शब्द तात्यांना झोंबला. "पुरावा? साहेब, मी लावलेल्या प्रत्येक बल्बवर तारीख असते! टोपीवर, सुईने कोरलेली. एकीवर दिवस-महिना, दुसरीवर साल. ठेकेदार सांगायचा, बल्ब वर्षभर चालला. मी टोपी दाखवायचो, की गप बसायचा. पस्तीस वर्षांत एक बल्ब बिनतारखेचा चढवला नाही मी!"

बोलून झाल्यावर त्यांची नजर जुन्या बल्बवर गेली.

"मग हे आधी सांगायचं ना!" तपासनीस खुलला. "आत्ता काढला त्याच्यावर काय तारीख आहे?"

टेबलावरचा पेशंट मध्येच डोळे उघडून बघू लागला तर काय करायचं, हे सुनेला पाठ होतं. पण इथे जवळ काहीच नव्हतं. टोप्यांवरचे ते ओरखडे तिने दहा वेळा पाहिले होते आणि दहाही वेळा ती खूण कंपनीची समजली होती.

तात्यांनी बल्ब डोळ्यांजवळ नेला. एक टोक बघितलं, मग दुसरं. मग पुन्हा पहिलं.

"गेल्या महिन्याची," ते म्हणाले. "सतरा तारीख."

"बघू."

"तुला नाही दिसायचं. सराव लागतो त्याला." तात्यांची मूठ मिटली.

"म्हणजे जेमतेम पाच आठवडे! म्हणजे वायरिंगच—"

"वायरिंग नाही. बल्बच हलका आहे." तात्यांनी घसा साफ केला. "पुलाखाली एक जण ढीग लावून बसतो. त्याच्याकडनं आणतो मी. स्वस्त पडतात."

सुनेने मान वर केली. तात्यांचे बल्ब एकाच दुकानातून, कंपनीच्या पुठ्ठ्याच्या डबीतून येत. दुकानदारासमोर ते प्रत्येक बल्ब कानाशी हलवून बघत आणि आतली तार किणकिणली तर परत करत. त्या दुकानदाराची गाऱ्हाणी तिने स्वतः ऐकली होती.

"तात्या, तुम्ही? हलका माल?" मुलाचा आवाज खाली आला.

"म्हातारपण रे. हात आखडतो माणूस."

मुलगा जवळ आला. मग त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, कारखान्यात तो हात कुणाच्या खांद्यावर जात नसे. "मला सांगायचं ना. मी आणून दिले असते." मग बाजूला जाऊन त्याने फोन लावला आणि गाडी बघायला येणाऱ्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं. दोष माल पुरवणाऱ्याचा निघाला होता, गाडीचा नव्हता. कागदावर त्याने तसं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"आता एकच करा तात्या. चांगल्यातला बल्ब लावून टाका, की पुढची पाच वर्षं बघायला नको."

"हो," तात्या म्हणाले. "पाच वर्षं."

त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याची डबी काढली. सुईने तारीख कोरली. एरवी या कामाला अर्धं मिनिट लागे, आज बराच वेळ लागला. बल्ब बसला, झाकण बसलं, पिवळा उजेड पडला. भर सकाळी तो कुणाला दिसायचं कारण नव्हतं, तरी तिघांनी वर पाहिलं.

मग तात्यांनी मूठ उघडली आणि जुना बल्ब सुनेच्या हातावर ठेवला. "नीट टाका हं, डॉक्टर."

दर वेळी ते हेच म्हणत. या घरातलं बाकीचं सगळं मेलेलं सामान, घड्याळाचे सेल, तुटका प्लग, इस्त्रीची जळकी वायर, त्यांच्या पिशवीत जाई. जुनं जमा केल्याशिवाय नवं मागायचं नाही, ही त्यांची पालिकेतली शिस्त. हा एक बल्ब तेवढा दर वेळी तिच्या हातात परत येई.

तिने टोपी उजेडाकडे धरली. सराव वगैरे काही लागत नव्हता. साल स्पष्ट दिसत होतं, सहा वर्षांपूर्वीचं. त्या साली ही गाडी जुनीच विकत घेतली होती. पहिल्याच फेरीला सासूबाई मागे बसल्या आणि छताचा दिवा डोळ्यांवर येतो म्हणून कुरकुरल्या. दुसऱ्या दिवशी तात्यांनी येऊन मंद बल्ब लावून दिला होता. तिने तो पर्समधल्या चष्म्याच्या डबीत ठेवला आणि पर्सची चेन लावली.

"तात्या."

"काय डॉक्टर?"

"जेवायला थांबताय ना?"

"थांबतो की." तात्या बूट चढवायला वाकले. "मघाशी ती डिकी उघडली होती ना पिशवी काढायला, तेव्हा आतला दिवा जरा मंद वाटला मला."

"हो," सून म्हणाली. "मलाही काल वाटलं."

"आज त्याचं सामान नाही आणलं. पुढच्या रविवारी बघतो."

"थांबा, थांबा." तपासनिसाने कागद बॉनेटवर ठेवला आणि पेन उघडलं. "डिकी. दिवा मंद. याचंही मूळ कारण शोधायला लागेल."

"शोध," तात्या म्हणाले. "सावकाश शोध."

त्या गाडीच्या डिकीत दिवा नव्हता.