राजाच्या हनुवटीवरची खोक

“सत्तरपैकी? शंभरपैकी का नाही?” मी विचारलं.

“आई, तशी पद्धतच आहे. अमेरिकेतून आलीय,” हिस्के म्हणाली. “नाणं कंपनीकडे पाठवायचं. ते तपासतात, सत्तरपैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत धाडतात. मग खरं की खोटं, चांगलं की बरं, हा वादच उरत नाही.”

“वादच उरला नाही तर आम्ही दर महिन्याला इथे जमायचं कशाला?” शूर्ट म्हणाला आणि सगळे हसले.

शूर्ट आमच्या बोल्सवर्ड गावच्या नाणेमंडळाचा अध्यक्ष. मंडळ म्हणजे चर्चच्या मागच्या खोलीत जमणारी दहा-बारा पिकलेली डोकी, हिरव्या बनातीचा एक ट्रे, कॉफी, साखरपावाचे पातळ काप आणि शेवटी बेरेनबुर्ग या आमच्याकडच्या कडसर दारूचा एकेक छोटा पेला. माझा नवरा डाऊवे यानं या खोलीत हयात घालवली. गेल्या वर्षी तो गेला, तेव्हापासून त्याच्या खुर्चीवर मी बसते. नाण्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण जन्मभर सुईणपण केलंय मी. झाकलेलं काही दिसलं की आत काय आहे ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

डाऊवेचं एक नाणं होतं, हॉलंडच्या पहिल्या विलेम राजाचं, तीन गिल्डरचं. चांगलं बिस्किटाएवढं मोठं, चांदीचं. त्यानं आणि त्याचा जिवलग मित्र लामर्ट यानं तरुणपणी लेउवार्डन शहरातल्या एकाच दुकानदाराकडून, एकाच दिवशी, अशी जुळी नाणी घेतली होती. एक याचं, एक त्याचं. त्या नाण्याची तारीफ ऐकत मी म्हातारी झाले. आता कुणीतरी तिऱ्हाईत त्याचे गुण सांगणार म्हटल्यावर मला हुरूप आला. विकायचं मनात नव्हतं. फक्त कळायला हवं होतं.

“लावा पैजा!” शूर्ट म्हणाला. “प्रत्येकानं चिठ्ठीवर आकडा लिहायचा. ज्याचा बरोबर येईल त्याला बेरेनबुर्गची आख्खी बाटली.”

म्हातारे शाळकरी पोरांसारखे हातानं चिठ्ठी झाकून लिहायला लागले. कुणी बासष्ट लिहिलं, कुणी अठ्ठावन्न. शूर्टनं चौसष्ट लिहून खाली दोन रेघा मारल्या. लामर्टची चिठ्ठी कोरी निघाली.

“काय रे, आकडे विसरलास?” शूर्टनं चिडवलं.

“नाणं बोटांत धरायची वस्तू आहे,” लामर्ट म्हणाला. “डबीत घालायला ते काय लोणचं आहे?” आणि पेला अर्धा टाकून तो उठून गेला. लामर्ट जन्मभर कालव्यावरचा पूल उघडत-मिटत आलेला माणूस. घाई त्याच्या स्वभावात नाही. पेला अर्धा टाकणं तर त्याहून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याची सायकल माझ्या दाराशी.

“औक्ये, टपालात हरवतात अशा वस्तू.”

“विमा उतरवते मी.”

“ते परदेशी लोक. आपल्या राजाचं त्यांना काय कौतुक?”

“कौतुक नकोच आहे. आकडा हवाय.”

तो गेला. दुपारी पुन्हा आला. आता म्हणे प्लास्टिकनं चांदी काळी पडते. संध्याकाळी फोन. आता म्हणे डाऊवेला हे आवडलं नसतं. हे शेवटचं मात्र मला लागलं. डाऊवेला काय आवडलं असतं ते मला सांगणारा हा कोण? मी फोन ठेवला तो जरा आपटलाच. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. खरं कारण एकच असतं. ज्याच्यापाशी चार कारणं असतात तो पाचवं लपवत असतो, हे मला बाळंतिणींच्या नवऱ्यांनी शिकवलंय.

कंपनीकडे अर्ज करायचा तर आधी नाण्याचे फोटो लागणार होते. मी डाऊवेचा कप्पा उघडला, त्याचं भिंग घेतलं आणि खिडकीशी बसले. खरं सांगायचं तर ते नाणं मी भिंगाखाली कधीच धरलं नव्हतं. डाऊवे दाखवायचा, मी “हो, छान” म्हणायचे आणि बटाटे सोलायला लागायचे.

मला शोधायची होती ती खोक. राजाच्या हनुवटीखाली एक बारीकशी खोक होती आणि तिच्यावर डाऊवेचा एक शिळा विनोद होता. “राजानं घाईत दाढी केली, आज बायको रागावलेली असणार.” पाहुणा आला की हा विनोद, नातेवाईक आले की हा विनोद. चाळीस वर्षं मी त्या विनोदाला वैतागले. रोज सकाळी आरशासमोर स्वतःची हनुवटी कापून घेतली की तो मला हाक मारून दाखवायचा. “बघ, राजा आणि मी.”

खोक नव्हती.

मी भिंग पुसलं. नाणं उजेडात फिरवलं, दुसऱ्या खिडकीशी नेलं. राजाची हनुवटी लोण्यासारखी गुळगुळीत. विनोद जुळवायला डाऊवेनं खोक मनानंच रचली होती की काय? मग आठवलं की खुद्द शूर्ट त्याला म्हणायचा, ती खोक नसती तर तुझं नाणं लामर्टच्या वरताण ठरलं असतं.

म्हणजे खोक होती. मग हे नाणं डाऊवेचं नव्हतं.

आमच्या मंडळात एक रीत आहे. सभासद गेला की पुढच्या बैठकीत त्याचं सर्वांत लाडकं नाणं बनातीवर ठेवतात. ते एका हातातून दुसऱ्या हातात असं टेबलाभोवती एकदा फिरतं, कुणी काही बोलत नाही, मग एकजण ते घरच्यांना नेऊन देतो. डाऊवेचं नाणं फिरलं तेव्हा मी गेले नव्हते, माझ्यानं जाववलं नसतं. नाणं मला आणून दिलं ते लामर्टनं.

मी कोट चढवला आणि तडक त्याच्या घरी गेले. वाटेत मनाशी सगळं जुळवत होते. चुकून अदलाबदल झाली असेल, म्हणजे त्याचं जास्त चांगलं नाणं माझ्याकडे आलं आणि विधवेकडून परत कसं मागायचं म्हणून बिचारा गप्प राहिला. आता ते डबीत बंद व्हायला निघालं तेव्हा तगमग होणारच. मला त्याची दयासुद्धा आली. नाणं मी त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं.

“घे तुझं. चूक झाली तर तोंडानं सांगावं माणसानं. आणि माझं आण.”

लामर्ट नाण्याकडे बघत राहिला. हात लावला नाही.

“चूक नव्हती,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“मी मुद्दाम बदललं. तुझ्या दाराशी येईपर्यंत दोन्ही खिशात होती. म्हटलं, तुला काय फरक पडतोय? तुझ्याकडे माझं गेलं तर तुझा फायदाच. माझं निर्मळ आहे. उद्या हिस्केनं विकलं तर चार पैसे जास्तच येतील.”

“आणि तुला ते खोक पडलेलं कशाला हवं होतं?”

“तो विनोद दुसरं कोण सांगणार आहे मला?”

मला इतका राग आला की खुर्चीची पाठ घट्ट धरावी लागली. चोरानं जास्त किमतीचं ठेवून कमी किमतीचं नेलं होतं आणि वर उपकाराची भाषा करत होता.

“फरक पडत नाही? मला?” मी ओरडले. “रात्रभर लोकांच्या बाळांच्या नाळा कापून घरी यायचे मी, तेव्हा तो आरशासमोर हनुवटीवर कागदाचा तुकडा चिकटवून उभा असायचा! त्याच्या साऱ्या सामानात त्याची म्हणून एकच खूण होती, लामर्ट. तीच तू उचललीस!”

“तू कधी भिंगातून बघायची नाहीस. मला वाटलं—”

“तो समोर होता ना रे! भिंग कशाला लावू?”

लामर्टनं विजारीच्या खिशात हात घातला. मला वाटलं रुमाल काढतोय. त्यानं किल्ल्यांचा जुडगा काढला, एक खिळा काढला, पेपरमिंट काढलं आणि त्यांच्यामधून नाणं काढून टेबलावर ठेवलं.

तसंच उघडं. वर साधी पिशवीही नाही. हा तोच लामर्ट, जो नाण्याजवळ शिंकलात तरी खोलीबाहेर काढायचा.

मी खिशातलं भिंग काढलं. राजाच्या गालावर, केसांवर, मानेवर किल्ल्यांचे ओरखडेच ओरखडे होते. नाक झिजून बोथट झालं होतं. हनुवटीची खोक त्या गर्दीत मुश्किलीनं सापडली.

“वर्षभर खिशात?” मी विचारलं.

“पुलावर जायचो तेव्हा हातात धरून ठेवायचो. मग सवय लागली.” त्याची मान खाली होती. “औक्ये, मी वाट लावली त्याची. तू तुझ्याकडचं पाठवलं असतंस, शूर्टनं फोटो बघितले असते, खोक कुठे गेली म्हणून विचारलं असतं. मग मला हे काढून दाखवावं लागलं असतं. चोर म्हणाले असते ते मी सोसलं असतं. पण हे असं झालेलं…”

मी भिंग ठेवलं. राग कुठे गेला कळलं नाही. राजाच्या झिजलेल्या नाकावरून मी अंगठा फिरवला.

“किती गुण मिळतील याला आता?” मी विचारलं.

“गुण? आकडाच देणार नाहीत. ‘खराब झालेलं’ असं लिहून परत पाठवतील.”

“बरं झालं. मग हे कुठेच जात नाही.”

त्याचं निर्मळ नाणं मी त्याच्यापुढे सरकवलं. “हे तू पाठव. शूर्टच्या चौसष्टचं काय होतं ते मला बघायचंय.” मग डाऊवेचं उचललं आणि कोटाच्या खिशात टाकलं. खिशातल्या माझ्या किल्ल्यांवर ते खळकन आपटलं. लामर्टनं डोळे मिटले.

दारापर्यंत तो मागे आला. काहीतरी विचारायचं होतं त्याला. जन्मभर बोटींना वाट करून देणारा माणूस उंबऱ्यात अडून उभा होता.

“रविवारी कॉफीला ये,” मी म्हटलं. “त्या खिशातला खिळा काढून ये. पुढचा आठवडा राजा तुझ्याकडे राहील.”