राणीचे मोकळे केस आणि माझी टोपी

मी एक जुना ड्रायर आहे, मित्रांनो. हातात धरून फुर्रकन वारा सोडणारा तो चिमुकला नव्हे. बायकांच्या पार्लरमध्ये खुर्चीमागे एका खांबावर उभा असतो आणि बसणारीच्या डोक्यावर आपली मोठी टोपी उतरवतो, तो मी. केसांना रोलर गुंडाळून बाई माझ्याखाली बसली, की मी घोंघावत गरम वारा सोडतो. ती उठते तेव्हा तिचे केस छान फुगलेले असतात आणि मान थोडी ताठ झालेली असते.

माझा जन्म ओसाकातल्या एका कारखान्यात झाला. तेव्हा माझा रंग फिकट गुलाबी होता. आता तो कोणता म्हणावा हे मलाही सांगता येत नाही. फुमियोसान, म्हणजे तुमच्याकडच्या फुमियोबाई, यांनी या बंदरावर आपले पार्लर उघडले, तेव्हा त्यांनी मला हौसेने आणले. नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी माझ्याखाली बसायला बायका रांग लावत. कोळणी, शिक्षिका, देवळातल्या पुजाऱ्याची बायको, सगळ्या एकीमागे एक बसत. कोणी माझ्या टोपीला हात लावून "काय गं बाई ऊब ही!" म्हणाली, की मला धन्य वाटे.

माझ्या घोंघावण्याचा एक परिणाम मात्र कारखान्यातल्या लोकांनी योजला नव्हता. माझ्याखाली बसलेल्या बाईला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. ती कुजबुजते आहे असे तिला वाटते आणि प्रत्यक्षात ती ओरडत असते. टपालवाल्याची बायको योनेकोसान एकदा अशाच "हळूच" म्हणाल्या, की नवऱ्याला मी रोज कालचेच मिसोचे सार गरम करून वाढते. नवरा दारात सायकल धरून उभा होता. त्यानंतर बरेच दिवस त्याने सार वास घेऊन प्यायले.

स्वभावाने मी हेवेखोर आहे. समोरच्या भिंतीवर टीव्ही आला तेव्हा सगळ्यांचे डोळे तिकडे लागले आणि मला झोंबले. हातातला ड्रायर आला तेव्हा तर मी दोन दिवस जळका वास सोडला. फुमियोसान यांना वाटले, वायर बिघडली. पण या सगळ्यांहून अधिक हेवा मला एका माणसाचा वाटला, आणि ती होती एक राणी.

दक्षिण समुद्रातल्या एका छोट्या बेटराज्याचा तरुण राजा आपल्या नव्या राणीला घेऊन आमच्या देशाच्या भेटीला आला होता. नुकतेच लग्न झालेले जोडपे. विमानातून उतरताना जोराचा वारा सुटला आणि राणीचे केस तिच्या तोंडावर आले. सरळ, लांब, मोकळे केस. राजा थांबला आणि सगळ्या कॅमेऱ्यांसमोर त्याने ते केस बोटाने तिच्या कानामागे सारले. एवढेच घडले, पण देशभर त्याची चर्चा झाली. टीव्हीवर तेच दृश्य सकाळ-संध्याकाळ दाखवत होते.

"चारचौघांत बायकोला हात लावतो! हा राजा की कोण?" तोकिएसान म्हणाल्या. मासळी बाजारातल्या बायकांच्या त्या प्रमुख. लिलावाच्या गोंगाटातही त्यांचा आवाज बोटीपर्यंत पोचतो. नाके मुरडत होत्या, पण दृश्य पुन्हा लागले की मान वर करून पाहतही होत्या.

"मी काल आमच्यांना म्हटलं, तसं करून दाखवा बघू," योनेकोसान तांदळाची कुरकुरीत सेंबेई कुरतडत म्हणाल्या. "तर म्हणतात, कानात काही गेलंय का?"

सगळ्या हसल्या. प्रत्येकीला आपापला नवरा आठवला असावा. मग एकीने आरशात पाहून आपल्या कुरळ्या केसांवरून हात फिरवला आणि विचारले, "फुमियोसान, माझे असे सरळ होतील का हो?"

मित्रांनो, माझ्या पोटावर पाय आला तो इथे. सरळ मोकळ्या केसांना रोलर लागत नाहीत, टोपीही लागत नाही. मी राणीचे काय घोडे मारले होते म्हणून तिने असे केस ठेवावेत? टीव्हीवर ती हसली, की माझी तार तापायची.

त्यातच बातमी आली. राजाराणी बेटावरची माणसे, मासळीवर वाढलेली, म्हणून त्यांना आमचा मासळी बाजार पाहायचा होता. बाजाराच्या दारात राणीला फुले कोणी द्यायची यावर नगर कचेरीत बैठक झाली. तोकिएसान यांनी उत्तर गृहीत धरले होते. किमोनोला ऊन दाखवून झाले होते, वाकण्याचा सराव चालू होता. कचेरीने निवडले चिहारूला. चिहारू म्हणजे तोकिएसान यांची सून. गेल्या शरदातच लग्न होऊन आली होती. कचेरीतल्या साहेबांचे म्हणणे, नव्या नवरीला नव्या नवरीनेच फुले द्यावीत, फोटो छान येईल.

"छानच झालं की," तोकिएसान सगळ्यांना सांगत फिरल्या. मासळी चिरताना मात्र त्यांची सुरी फळीवर जरा जोरात पडू लागली, असे योनेकोसान सांगत होत्या. त्यांचे दुखणे मला समजत होते. त्यांचे स्वतःचे लग्न स्क्विड मासळीच्या ऐन हंगामात उरकले होते, ना किमोनो ना फोटो, आणि दुसऱ्या पहाटे त्या बाजारात उभ्या होत्या. आता उभ्या जन्मात एकदा राणी दारात येणार, आणि पुढे उभी राहणार कालची पोर.

माझ्या मनात मात्र लाडू फुटत होते. किमोनोवर अंबाडा हवा, अंबाड्यासाठी केसांना फुगवटा हवा, म्हणजे आधी रोलर, म्हणजे मी! माझ्या टोपीतून निघालेले एक डोके त्या मोकळ्या केसांच्या राणीसमोर वाकणार होते. तिने ते पाहावे आणि आपल्याला असे जमत नाही म्हणून हळहळावे, एवढीच माझी इच्छा होती.

भेटीच्या दिवशी सकाळी सासूसून दोघी आल्या. चिहारू मागच्या खोलीत किमोनोच्या आतले कपडे चढवायला गेली. मध्ये फक्त कागदी सरकते दार होते. वडीलकीचा मान म्हणून तोकिएसान आधी माझ्याखाली बसल्या. मी घोंघावू लागलो. त्यांनी फुमियोसान यांना खुणेने जवळ बोलावले आणि अगदी खाजगी सांगावे तसा चेहरा करून बाजारातल्या आवाजात म्हणाल्या,

"फुमियो, तिचा अंबाडा जरा सैलच बांध गं! ऐन वाकताना सुटला पाहिजे! कळू दे कचेरीतल्या लोकांना कोणाला निवडलंय ते!"

नेहमीसारख्या येऊन बसलेल्या योनेकोसान यांच्या हातातली सेंबेई खाली पडली. फुमियोसान कंगवा धरून जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. तोकिएसान सगळ्यांच्या चेहऱ्याकडे पाहू लागल्या, काय झाले ते त्यांना कळेना. शेवटी योनेकोसान यांनी माझी टोपी वर उचलली.

"तोकिएसान, धक्क्यावरच्या बोटींनाही ऐकू गेलं हे."

तोकिएसान यांचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला. कागदी दारामागे काहीच हालचाल नव्हती. "मी आपली गंमत केली," त्या पुटपुटल्या, पण ती गंमत कोणीही उचलून धरली नाही.

मला धडकी भरली. आता ही पोरगी दार उघडून रडत घरी जाणार, घरी गेली की नवऱ्याला सांगणार, आणि त्या घरात पुढची कैक वर्षे कोणी कोणाशी धड बोलणार नाही. माझ्यामुळे घरे हसली होती, पण मोडले एकही नव्हते.

दार सरकले. चिहारू बाहेर आली. डोळे कोरडे होते, नाकाचा शेंडा लाल होता. तिने सासूकडे पाहिले नाही. तोकिएसान खुर्ची सोडून आरशापाशी जाऊन बसल्या होत्या, रोलर तसेच डोक्यात. चिहारूने निमूट आपले रोलर लावून घेतले आणि ती माझ्याखाली बसली. फुमियोसान यांनी टोपी उतरवली आणि बटणाकडे हात नेला. चिहारूने त्यांचे मनगट धरले. नुसते धरले आणि मान किंचित हलवली. फुमियोसान यांनी हात मागे घेतला.

मी बंद होतो, मित्रांनो. माझ्यात वारा नव्हता, आवाज नव्हता. आणि ती मुलगी माझ्याखाली बसून घसा ताणून ओरडली,

"फुमियोसान! आमच्या आईंना सांगू नका हं! मला त्यांचा भारी हेवा वाटतो! त्या बाजारात शिरल्या की माणसं वाट देतात, आणि मला मासळीवाला अजून उरलेलं टाकाऊ देतो! राणीपुढे उभं राहायचं म्हटलं तर फुलं कोणत्या हातानं द्यायची तेही मला आठवत नाही! आईंनी लग्नात माझ्या केसांत आपला कासवाच्या पाठीचा कंगवा खोचला होता ना, तो आज असता तर धीर आला असता! पण मागू कशी? मागितला तर म्हणतील, राणीही हिची आणि कंगवाही हिचाच!"

दम घेऊन ती पुढे म्हणाली, "आणि अंबाडा सुटलाच, तर सगळ्या पाहुण्यांसमोर सांगीन, सासूबाईंनी बांधलाय म्हणून!"

योनेकोसान फिस्सकन हसल्या आणि त्यांनी तोंडावर रुमाल धरला. तोकिएसान उठल्या. तरातरा माझ्यापाशी आल्या. त्यांनी माझ्या बटणाकडे पाहिले, मग सुनेकडे.

"अगं फुमियो, यंत्र बंदच आहे की! केस असे वाळतात का?" त्या करवादल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने खटकन बटण दाबले.

मी घोंघावू लागलो. मग त्या टोपीच्या कडेवर हात ठेवून वाकल्या आणि काहीतरी बोलल्या, या वेळी खरोखर हळू.

"काय म्हणालात, आई?" चिहारू ओरडली.

"काही नाही! नीट वाळव केस!" त्याही ओरडल्या. आणि घरी जाऊन कंगवा घेऊन आल्या. रोलर डोक्यात तसेच असताना, भर रस्त्याने.

दुपारी पार्लर रिकामे होते, टीव्ही मात्र चालू राहिला होता. त्याचा मला पहिल्यांदाच हेवा वाटला नाही. बाजाराचे दार दिसले. राणी आली, केस मोकळेच. पाठमोरी चिहारू खाली वाकली. अंबाडा घट्ट होता, एक केस इकडचा तिकडे नाही, आणि त्यात कासवाच्या पाठीचा कंगवा चकाकत होता. राणीचे डोळे त्या अंबाड्यावर थांबले. थांबलेच, मी शपथेवर सांगतो. गर्दीत पहिल्या रांगेत तोकिएसान होत्या. त्यांचे अर्धे डोके कुरळे आणि अर्धे चपटे होते, कारण त्या दिवशी त्यांचे केस वाळवायचे राहूनच गेले.

राजाराणी परत गेली. बंदरावरच्या तरुण मुलींनी केस सरळ करून घेतले ते घेतलेच. आता मी कोपऱ्यात असतो, माझ्या टोपीवर ओले टॉवेल वाळतात. राणीवरचा माझा राग गेलेला नाही. ती पुन्हा टीव्हीवर दिसली, तर मी अजूनही तापेन. पण अधूनमधून चिहारू येते. रोलर न लावताच माझ्याखाली बसते आणि "बटण नका दाबू," म्हणते. मग आरशापाशी बसलेल्या सासूला ऐकू जाईल अशा आवाजात फुमियोसान यांच्याकडे तक्रारी करते. तोकिएसान मासिक चाळत राहतात, आणि पुढच्या आठवड्यात त्यातली एखादी तक्रार कमी झालेली असते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे काहीतरी असेल, जुने, घोंघावणारे, जागा अडवणारे. ते भंगारात देऊ नका असे माझे हात जोडून सांगणे आहे, आणि मला तर हातही नाहीत. त्याच्यापाशी बसून कोण काय बोलून गेले आहे, हे तुम्हाला ठाऊक नसते.

त्या सकाळी तोकिएसान वाकून काय बोलल्या, तेही माझ्याशिवाय कोणी ऐकलेले नाही. चिहारूनेही नाही. त्या म्हणाल्या होत्या, "झोंबलं गं मला. अजून झोंबतंय. पण तिथं उभं माझंच माणूस राहणार आहे."