शिवणीतली माया

मी एक जुने, पायाने चालणारे शिलाई मशीन आहे. माझ्या काळ्या अंगावर कधीकाळी सोनेरी वेलबुट्टी होती. मित्रांनो, ती आता फक्त मलाच आठवते.

कारखान्यातून मी थेट या गावात आले, रस्त्याकडेच्या एका खोलीत, खिडकीपाशी. माझ्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतही एक मास्तर होते. ते पोरांची हजेरी घेत आणि आमचे मास्तर पोरांची मापे घेत. शाळा सुरू व्हायच्या आधी निळ्या कापडाचे ढीग माझ्यापुढे पडत आणि मला श्वास घ्यायला फुरसत नसे.

तुम्हाला एक शब्द सांगते. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. पोर वाढले की टीप उसवायची आणि माया सोडायची, म्हणजे कपडा पुन्हा अंगाला येतो. माया ठेवताना आमच्या मास्तरांनी कधी हात आखडला नाही. आया गणवेश उलटा करून आधी आतली बाजू बघत आणि मगच पसंती देत. मला फार अभिमान वाटे.

मास्तरांना एकच मुलगी. सुईखाली दोरा गुंडाळलेली एक छोटी चकती गरगर फिरते, तिला बॉबिन म्हणतात. ही पोरगी एका जागी ठरत नसे, म्हणून तिचेही नाव तेच पडले. संध्याकाळी ती माझ्या फळीला टेकून मोठ्याने धडा वाचे आणि मास्तर त्या तालावर पाय चालवत. त्या वर्षी ती सातवीत जाणार होती. तिचा गणवेश मास्तरांनी सगळ्यांत शेवटी शिवला, पण माया सगळ्यांत जास्त ठेवली.

"दहावीपर्यंत हाच पुरवायचा," ते म्हणाले.

"म्हणजे मी पोतं घालून शाळेत जाणार," बॉबिन म्हणाली.

मग तो आजार आला. रस्ते बंद झाले, बाजार बंद झाला, शाळेला कुलूप लागले. शिवलेले गणवेश न्यायला कोणी फिरकले नाही. उरलेल्या निळ्या कापडाचे आम्ही मास्क शिवले, पण लवकरच गावात तयार मास्क येऊ लागले आणि तेही काम गेले. शाळा फोनवर भरू लागली. आमच्या घरी नुसता बोलायचा फोन. बॉबिन शेजारच्या ओट्यावर बसून त्यांच्या फोनमधला धडा ऐके. आजाराची भीती वाढली तशी शेजाऱ्यांनी कडी लावून घेतली. त्यांना तरी काय बोल लावणार? आमची चूल एकच वेळ पेटू लागली. माझ्यावर चादर आली.

एके दिवशी बॉबिनचा मामा स्थळ घेऊन आला.

"मुलगा कामसू आहे. आत्ता माणसं बोलवायचीच नाहीत, घरच्या घरी उरकेल सगळं. आणि दाजी, एक तोंड कमी होईल."

मास्तर माझ्यावरची चादर सारखी करत राहिले. आई उठून आत गेली.

"बाबा, शाळा उघडली की मला परत आणाल ना?" बॉबिनने विचारले.

"उघडू दे तर," मास्तर म्हणाले.

माझ्यावरची चादर निघाली ती लग्नाचे कपडे शिवायला. मी दोनदा दोरा तोडला. माझ्या हाती तेवढेच होते. मास्तरांनी तो पुन्हा ओवला. बॉबिन शेजारी उभी राहून बघत होती.

"बाबा, नवरीच्या कपड्यात एवढी माया कशाला ठेवताय?"

मास्तरांचे हात सवयीने चालत होते, तोंडही सवयीने बोलून गेले. "अगं, वाढतं अंग आहे तुझं."

आणि त्यांचा पाय थांबला. त्यांनी माझ्या चाकावर हात ठेवला. मला वाटले, आता ते हे कापड बाजूला ठेवतील. तेवढ्यात आतून आईचा कोरडा आवाज आला, "झालं का हो? उद्या मुलाकडची माणसं येतील." पाय पुन्हा चालू लागला.

पुढे शाळा उघडली. पोरे उंच झाली होती. आया जुने गणवेश घेऊन आल्या, "मास्तर, तेवढी माया सोडून द्या" म्हणाल्या. मास्तर दिवसभर टिपा उसवत बसले. बॉबिन मात्र आली नाही. तिची आई सांगत होती, लग्नाचे कपडे तिला तंग झाले, तेव्हा तिकडे सासरीच तिने आपल्या हातांनी माया सोडली.

मित्रांनो, मला तेल द्या, झाकून ठेवा, असे मी म्हणणार नाही. मी लोखंडाचे आहे, टिकेन. पण तुमच्या वर्गात एखादी जागा रिकामी दिसली, तर तिथे कोण बसायचे ते विचारा आणि तिच्या घरी जाऊन तिला हाक मारा. बॉबिनचा गणवेश अजून माझ्या खणात घडी घालून ठेवलेला आहे. त्यातली माया तशीच आहे.